कामगाराच्या पोराचे अक्षर

लग्नसराई जवळ आली की छापखान्यांच्या दारात चपलांची संख्या वाढते. मुलाकडचे, मुलीकडचे, एखादा शिकलेला मामा आणि मत द्यायला आलेल्या दोन-तीन आत्या-मावश्या, असा सगळा गोतावळा पत्रिकांच्या अल्बमभोवती बसतो. मराठी मजकूर ठरतो, निमंत्रकांच्या नावांचा क्रम ठरतो, त्यावरून थोडी कुरबूरही होते. मग छापखानेवाला हळूच विचारतो, "वर मुलामुलीचं नाव इंग्लिशमध्ये टाकू का? करसिव्हमध्ये?" आणि असे एक अक्षर दाखवतो की त्याची शेपटी निम्म्या कागदावरून फिरून आलेली असते. आजीला इंग्रजी वाचता येत नाही. तरी ती म्हणते, "हेच टाका. कसं देखणं दिसतंय!"

आजीचा हा अभिप्राय किरकोळ समजू नका. न वाचताही जे डोळ्याला सुखावते ते शोभेचे अक्षर. पुस्तकातल्या मजकुराचे अक्षर वेगळे असते. ते चांगले असेल तर आपले त्याच्याकडे लक्षही जात नाही, आपण सरळ मजकुरात शिरतो. शोभेचे अक्षर आधी स्वतःकडे पाहायला लावते आणि मग वाचू देते. टाकाने, एका दमात, हात न उचलता लिहिल्यासारखे ते दिसते. पण त्या पत्रिकेसाठी ते कोणी हाताने लिहिलेले नसते. कोणीतरी ते एकदाच लिहिले, त्याचा टाइप झाला आणि आज तो जगभरच्या संगणकांत जाऊन बसला आहे.

हे 'कोणीतरी' म्हणजे कोण, असे आपण सहसा विचारत नाही. भाकरी कोणी थापली हे विचारतो, अक्षर कोणी काढले हे विचारत नाही. आज त्यांतल्या एकाची ओळख करून घेऊ. अक्षराचे नाव झाफिनो. काढणाऱ्याचे नाव हेरमान झाफ. गाव जर्मनीतले. एवढ्या लांबच्या माणसाची गोष्ट या पानावर कशासाठी, असे कोणी म्हणेल. हा माणूस कोणत्या घरातून आणि कोणत्या बंद दारांसमोरून त्या अक्षरापर्यंत पोहोचला, ते आपल्या घरांतल्या मुलामुलींनी वाचावे असे आहे, म्हणून.

झाफचा जन्म ८ नोव्हेंबर १९१८ चा, न्युरेंबर्ग शहरातला. पहिले महायुद्ध संपायला तीन दिवस उरले होते. देशात उलथापालथ चालू होती, अन्नाची टंचाई होती आणि इन्फ्लुएंझाच्या साथीने घरोघरी माणसे दगावत होती. वडील मोटारींच्या कारखान्यात, कामगार संघटनेत काम करणारे. मुलाला वेड विजेचे. थोरल्या भावाबरोबर त्याने घरीच रेडिओ जुळवला, घराला धोक्याची घंटा बसवली. दोघा भावांनी एकमेकांना गुप्त चिठ्ठ्या लिहिण्यासाठी नवी अक्षरेही बनवली होती. अशा मुलाने पुढे काय व्हायचे? विजेचा इंजिनिअर. त्याच्याही मनात तेच होते.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. कामगार संघटना मोडून काढण्यात आल्या. झाफच्या वडिलांची नोकरी गेली आणि काही काळ त्यांना डाखाऊच्या छळछावणीत डांबले गेले. त्याच साली मुलाची शाळा संपली होती. न्युरेंबर्गच्या ओम तांत्रिक विद्यालयात त्याला जायचे होते, पण बापाचे संघटनेतले काम मुलाच्या आड आले. मुलाने काही केले नव्हते. अभ्यासात तो कच्चा नव्हता. कोणाचा मुलगा, एवढ्यावरच निकाल लागला.

शिक्षकांना परिस्थिती कळत होती. पोराचा चित्रकलेचा हात चांगला आहे, हेही त्यांनी पाहिले होते. ते म्हणाले, लिथोग्राफीचे काम शिक, म्हणजे दगडावर चित्र काढून छापण्याचे. मग उमेदवारीसाठी एकेका छापखान्याच्या पायऱ्या चढणे सुरू झाले. प्रत्येक ठिकाणी चित्रांची वाहवा होई आणि पाठोपाठ राजकारणाचे प्रश्न येत. उत्तरे ऐकली की नकार. असे दहा महिने गेले. टेलिफोनच्या यादीतली नावे संपत आली. यादीतल्या अगदी शेवटच्या कंपनीने मात्र राजकारणाचे काहीच विचारले नाही. तिथे लिथोग्राफीचे काम होत नव्हते, पण फोटोवर ब्रशने दुरुस्ती करणारा, म्हणजे रिटचर, म्हणून त्याला ठेवून घेण्यात आले. फेब्रुवारी १९३४ मध्ये चार वर्षांची उमेदवारी सुरू झाली.

इथे जरा थांबले पाहिजे. अशा माणसांच्या गोष्टी आपल्याकडे सांगितल्या जातात तेव्हा शेवटी 'जिद्द असली की सगळे जमते' असे म्हणून टाळ्या घेतल्या जातात. मला ते अर्धेच खरे वाटते. जिद्द त्या पोराकडे पहिल्या महिन्यातही होती आणि दहाव्या महिन्यातही तेवढीच होती. फरक पडला तो समोरच्याने एक प्रश्न न विचारल्यामुळे. आडनाव विचारून मगच खोली भाड्याने द्यायची की नाही हे ठरवणारे घरमालक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत वेगळी सांगायला नको.

१९३५ साली न्युरेंबर्गमध्ये रुडॉल्फ कॉख या आदल्या वर्षी वारलेल्या अक्षरकाराच्या कामाचे प्रदर्शन भरले. सतरा वर्षांचाही न झालेला झाफ ते पाहायला गेला आणि खुळावून परत आला. त्याने दोन पुस्तके विकत घेतली, एक कॉखचे आणि एक एडवर्ड जॉन्स्टन या इंग्रज अक्षरगुरूचे. शिकवायला कोणी नव्हते. दिवसा फोटो दुरुस्त करायचे आणि घरी येऊन रुंद टोकाच्या निबने कित्ता गिरवायचा. ज्यांनी शाळेत बोरू तासून पुस्ती काढली असेल त्यांना ठाऊक आहे की टोक कागदाला कोणत्या कोनात टेकते यावरच सारे अवलंबून असते. एका कोनात रेघ जाड येते, त्याच हाताने वळण घेतले की ती केसासारखी बारीक होते. या जाड-बारीकतेचाच पुढे झाफिनो झाला. पण ते अजून फार लांब होते.

१९३८ मध्ये उमेदवारी संपताच तो फ्रँकफर्टला गेला. तिथे कॉखचा मुलगा पॉल याच्या कार्यशाळेत काम मिळाले. त्याच साली त्याने आपला पहिला टाइप आखला. मग दुसरे महायुद्ध आले.

या काळाबद्दल लपवाछपवी करण्यात अर्थ नाही. बापाला छावणीत घालणाऱ्या राजवटीच्या लष्करातच मुलाला जावे लागले. सुरुवातीला सरहद्दीवरच्या तटबंदीच्या कामावर पाठवले, तिथे छातीचा त्रास सुरू झाला. पुढे तोफखान्यात घेतले, तर डावे-उजवे कळेना आणि बंदूक धड धरता येईना. अखेर त्याला नकाशे काढण्याच्या कामावर, फ्रान्समधल्या बोर्दो शहरात पाठवण्यात आले. तिथे तो स्पेनचे, विशेषतः तिथल्या रेल्वेचे नकाशे काढत असे. नजर इतकी तीक्ष्ण की भिंग न लावता एक मिलिमीटर उंचीची अक्षरे लिही. या हातामुळेच तो आघाडीवर जायचा वाचला असावा. पण ते नकाशे लष्करासाठी होते, हेही तितकेच खरे. जवळ एक वही असे, तिच्यात तो फावल्या वेळी अक्षरे काढी. १९४४ साली त्याने एका पानावर मोकळ्या हाताने, लांब फेकीचे, एकमेकांत गुंतणारे अक्षर लिहिले. ते पान त्याच्या मनातून कधी गेले नाही.

युद्ध संपले तेव्हा तो फ्रेंचांच्या ताब्यात, एका लष्करी इस्पितळात होता. प्रकृती पाहून त्यांनी थोड्याच आठवड्यांत घरी सोडले. बॉम्बहल्ल्यांनी न्युरेंबर्ग उद्ध्वस्त झाले होते. १९४६ साली तिथे त्याने अक्षरलेखनाचे वर्ग घेतले. १९४७ मध्ये फ्रँकफर्टच्या श्टेंपेल या टाइप ओतणाऱ्या नामांकित कारखान्याने त्याला आपल्या छपाई विभागाचा कलाप्रमुख म्हणून बोलावले. वय अवघे २८. त्यांनी पदवी मागितली नाही, प्रमाणपत्र मागितले नाही, कोणाची शिफारस मागितली नाही. युद्धातल्या वह्या आणि १९४४ सालचा अक्षरलेखनाचा एक नमुना एवढेच पाहिले. पुन्हा तेच! ज्याने कागदपत्रे विचारली नाहीत त्याने दार उघडले.

श्टेंपेलमध्ये त्याने जे टाइप आखले त्यांतला पॅलाटिनो पुढे जगभर पसरला. ऑप्टिमा नावाच्या टाइपची गंमत अशी, की १९५० साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातल्या एका चर्चमध्ये थडग्यांवरची अक्षरे त्याला आवडली, जवळ कागद नव्हता, म्हणून हजार लिरांच्या नोटेवरच त्याने ती टिपून घेतली. वॉशिंग्टनमधल्या काळ्या दगडाच्या भिंतीवर व्हिएतनाम युद्धात मेलेल्या ५८ हजारांहून जास्त अमेरिकन सैनिकांची नावे आहेत, ती याच ऑप्टिमात कोरलेली आहेत.

मग १९४४ च्या पानावरच्या त्या मोकळ्या अक्षराचे काय झाले? ते तसेच राहिले, आणि त्याचे कारण शिशाच्या खिळ्यात आहे.

आपल्यातल्या अनेक घरांत कोणी ना कोणी छापखान्यात काम केलेले असते. त्यांनी खिळे जुळवलेले पाहिले असतील. प्रत्येक अक्षराचा खिळा म्हणजे शिशाच्या मिश्रधातूचा चौकोनी ठोकळा, वरच्या टोकाला उलटे अक्षर. ठोकळ्याला ठोकळा लावून ओळ होते. अक्षराला जागा किती? ठोकळ्याच्या माथ्याएवढी. एखाद्या अक्षराची शेपटी शेजारच्याच्या डोक्यावरून न्यायची, तर ती आपल्या ठोकळ्याबाहेर लोंबत राहते आणि दाब पडला की मोडते. हातातून मोकळे सुटलेले अक्षर या चौकोनात कोंबायचे तर त्याचे हातपाय आखडून घ्यावे लागतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला झाफने श्टेंपेलसाठी 'विर्तुओसा' नावाचा हस्ताक्षरी टाइप केला. देखणा होता, पण मनातले ते अक्षर हे नव्हते. धातूने जेवढी परवानगी दिली तेवढेच उतरले.

या धातूच्या कामात आणखी एका कारागिराचे नाव घेतले पाहिजे, आउगुस्ट रोझेनबर्गर. झाफने कागदावर लिहिलेली अक्षरे धातूत कोरणारा हा माणूस. झाफच्या 'लेखणी आणि कोरणी' अशा अर्थाच्या नावाच्या पुस्तकातली पानेच्या पाने रोझेनबर्गरने हाताने शिशात कोरली. अक्षर काढणाऱ्याचे नाव राहते, कोरणाऱ्याचे पुसले जाते. झाफने निदान तसे होऊ दिले नाही. पुस्तकाच्या नावात लेखणीच्या शेजारी कोरणीलाही जागा मिळाली.

हाताने लिहिलेल्या अक्षराचा मान यंत्राच्या काळातही गेला नव्हता, याचे एक उदाहरण झाफच्याच कामात आहे. १९६० साली न्यूयॉर्कच्या पिअरपाँट मॉर्गन ग्रंथालयासाठी त्याने संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची उद्देशिका चार भाषांत हाताने लिहिली. हे वाचताना आपल्याला दुसरी उद्देशिका आठवल्यावाचून राहत नाही. भारतीय संविधानाची मूळ इंग्रजी प्रत टाइपात जुळवलेली नाही. प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी ती टाकाने, किंचित उजवीकडे झुकणाऱ्या वळणदार अक्षरात लिहिली. पाने नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या कलावंतांनी सजवली. २४ जानेवारी १९५० रोजी सभासदांनी तिच्यावर सह्या केल्या आणि डेहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापखान्यात तिच्या प्रती निघाल्या. भिंतीवर चौकटीत लावलेल्या संविधानाच्या इंग्रजी पानाची नक्कल पुन्हा पाहाल तेव्हा मजकुराबरोबर अक्षरही पाहा. एका ओळीतला एखादा इंग्रजी 'जी' आणि दुसऱ्या ओळीतला 'जी' जुळे भाऊ असले तरी एकच नाहीत. हात फिरला की असा फरक पडतोच.

टाइपला हे जमत नाही. तिथे प्रत्येक 'जी' पहिल्या 'जी'ची तंतोतंत नक्कल असतो. म्हणून छापलेले हस्ताक्षर कितीही नटवले तरी दुसऱ्या ओळीत त्याचे सोंग उघडे पडते. आपल्याकडे मराठी नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षके कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी रेखाटली. ती ज्या त्या नाटकाची असत, म्हणून प्रत्येकाची तऱ्हा निराळी. टाइप करणाऱ्याला ही चैन नाही. त्याने काढलेले अक्षर उद्या कोणत्या शब्दात, कोणाच्या शेजारी जाऊन बसेल हे त्याला माहीत नसते. अनोळखी शेजाऱ्याशीही त्याचे जमले पाहिजे.

यातून वाट काढता येईल ती संगणकानेच, हे झाफने फार लवकर ओळखले होते. अमेरिकेतल्या रॉचेस्टर तंत्रशिक्षण संस्थेत १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षे त्याने संगणकावरच्या अक्षरजुळणीबद्दल शिकवले. तांत्रिक विद्यालयाची पायरी ज्याला चढू दिली नव्हती, तो तंत्रशिक्षण संस्थेत प्राध्यापक झाला! त्याच काळात स्टॅनफर्ड विद्यापीठातले गणितज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्याबरोबर त्याने गणिताच्या पुस्तकांसाठी एक टाइप केला. त्या कामात डेव्हिड सीगल नावाचा विद्यार्थी होता. १९९३ मध्ये या सीगलचे झाफला पत्र आले. एकाच अक्षराची पुष्कळ रूपे असलेला, हाताने लिहिल्यासारखा बदलत राहणारा टाइप संगणकावर करू या, असे त्याचे म्हणणे होते. झाफने जुनी वही काढली.

काम बरेच पुढे गेल्यावर सीगल त्यातून बाहेर पडला. झाफने ते लायनोटाइप कंपनीकडे नेले. १९९८ साली झाफिनो बाहेर आला. चार संच, त्यांत प्रत्येक अक्षराची वेगवेगळी रूपे, शिवाय नक्षीची चिन्हे. वहीतल्या पानाला तेव्हा ५४ वर्षे झाली होती आणि झाफ ८० वर्षांचा होता. २००३ मध्ये अकिरा कोबायाशी या जपानी अक्षरकाराच्या साथीने त्याची वाढवलेली, सुधारलेली आवृत्ती निघाली.

आता तो चालतो कसा, ते बघू. हे समजायला इंग्रजांपेक्षा आपल्याला सोपे जाईल. आपल्या 'र'चे बघा. 'सूर्य' म्हणताना तो डोक्यावर चढतो, 'प्रकाश' म्हणताना पायाशी तिरका बसतो, 'राष्ट्र'मध्ये खाली काकपद घेतो आणि 'दऱ्या'त नुसती आडवी चंद्रकोर होते. कळ दाबताना आपण 'र'च दाबतो. शेजारी कोण आहे ते पाहून संगणक त्या 'र'चे रूप बदलतो. त्यासाठी टाइपाच्या पोटात एक तक्ता भरलेला असतो: हा पुढे आला तर हे रूप घे, तो मागे असला तर ते. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी आखलेला 'मंगल' हा टाइप विंडोजबरोबर घरोघरच्या संगणकांत पोहोचला, त्याचे सारे काम अशाच तक्त्यावर चालते. आपल्याला ही जोडाक्षरांची गरज आहे. त्याशिवाय मराठी लिहिताच येणार नाही. झाफिनोने तीच युक्ती इंग्रजी अक्षरांच्या शोभेसाठी वापरली. शब्दाच्या शेवटी 'डी' आला तर त्याची दांडी मागे भिरकावून दे, दोन 'एफ' शेजारी आले तर त्यांना एका फटक्यात जोड. लिहिणाऱ्याने नुसते टाइप करायचे, फेरफार आपोआप होतात. पूर्वी ज्याला चौकोनी ठोकळा आडवा येत होता, ते अक्षर आता शेजाऱ्याच्या अंगणात बेधडक हातपाय पसरते.

झाफिनोत मराठी अक्षरे नाहीत, तो फक्त रोमन लिपीचा आहे. मराठीसाठी हाताच्या वळणाचा टाइप हवा असेल तर 'कलम' नावाचा एक आहे, तो फुकट मिळतो आणि त्यात देवनागरी व इंग्रजी दोन्ही आहेत. तो झाफिनोसारखा नटलेला नाही, साधा बोलका आहे. निमंत्रणाच्या चार ओळींना तोच बरा.

छापखान्यात बसला असाल तेव्हा कामाला येईल असे थोडे सांगतो. झाफिनो, किंवा त्या जातीचे कोणतेही वळणदार अक्षर, फक्त नावाला किंवा एखाद्या शब्दाला वापरावे. पत्ता, तारीख, वेळ, टेलिफोन नंबर यांना चुकूनही नको. पाहुणा दुसऱ्याच मांडवात जाऊन जेवेल! सगळी अक्षरे कॅपिटल घेऊ नयेत. प्रत्येक कॅपिटल पिसारा फुलवून उभा राहिला की नाव वाचता येत नाही, नुसती जाळी दिसते. पहिले अक्षर कॅपिटल, बाकीची लहान. आकार मोठा ठेवावा, कारण या टाइपात लहान अक्षरांचे पोट फार छोटे असते आणि दांड्या-शेपट्या लांब असतात. त्याच मापाच्या साध्या टाइपाशेजारी ते खुजे दिसते. खाली-वर जागा मोकळी सोडावी. छापखानेवाला ती जागा गणपती-कलश-मोरपिसांनी भरायला निघतो, त्याला हात धरून थांबवावे.

आणि कागद पाहावा. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये सोनेरी शाई जाड बसते, त्यात केसासारख्या रेघा एक तर बुजतात, नाही तर मध्येच तुटतात. पैसे बेताचे असतील तर भरभक्कम रेघेचे अक्षर घ्यावे, ते स्वस्त कागदावरही टिकते. झाफिनोच्या २००३ च्या आवृत्तीत एक जाड रेघेचा प्रकार मुद्दाम दिलेला आहे. छापायच्या आधी एक नमुना काढून मागावा आणि घरातल्या सर्वांत कमी दिसणाऱ्या माणसाच्या हातात द्यावा. त्याला नाव लागले तर बेलाशक छापा.

एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. डीटीपीच्या दुकानांत एका सीडीवर हजारो फॉन्ट भरून वाटले गेले आहेत. ते कोणी केले, त्याला पैसा मिळाला का, याची चौकशी कोणी केली नाही. झाफने याची झळ आयुष्यभर सोसली. त्याच्या पॅलाटिनोच्या नकला वेगळ्या नावांनी बाजारात आल्या. अमेरिकेच्या कायद्यात टाइपाच्या रूपाला लेखकाच्या पुस्तकासारखे संरक्षण नाही, म्हणून त्याला फारसे काही करता येईना. टाइप क्षेत्रातल्या लोकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिचेच मोठमोठे सभासद नकलांच्या धंद्यात असूनही ती गप्प बसते, म्हणून १९९३ साली त्याने तिचा राजीनामा दिला. विटा वाहणाऱ्याची मजुरी बुडवली तर आपण पेटून उठतो. वर्षानुवर्षे बसून अक्षर काढणाऱ्याचीही ती मजुरीच आहे. परवान्याने मोकळे केलेले कित्येक टाइप आज फुकट उपलब्ध असताना चोरीचा वापरायचे कारण उरलेले नाही.

झाफच्या घरातले दुसरे माणूसही तितक्याच तोलामोलाचे होते. गुड्रुन फॉन हेसे, १९५१ पासून त्याची पत्नी. तिचा जन्मही १९१८ चाच. ती पुस्तकबांधणीचे काम शिकलेली, अक्षरलेखन शिकवणारी. श्टेंपेलने तिचे 'डिओटिमा' आणि 'आरिआड्ने' हे टाइप काढले ते नवऱ्याची बायको म्हणून नव्हे. त्या काळी टाइपाच्या धंद्यात बाई दिसणे दुर्मीळ होते. दोघांची टेबले एकाच घरात होती आणि दोघांची अक्षरे निराळी. तिचे अक्षर शांत, उभे, त्याचे धावणारे. झाफ ४ जून २०१५ रोजी ९६ व्या वर्षी गेला. गुड्रुन २०१९ मध्ये गेली, तेव्हा तिने शंभरी ओलांडली होती.

अ‍ॅपलच्या संगणकांवर झाफिनो आधीपासूनच भरलेला असतो. कोणाच्या मुलाच्या कॉलेजात, कोणाच्या मुलीच्या ऑफिसात तसा संगणक असेल तर त्यांना एक गंमत करून पाहायला सांगा. टाइप झाफिनो निवडायचा आणि इंग्रजीत त्याचेच नाव लिहायचे: झेड, ए, पी, एफ, आय, एन, ओ. सहा अक्षरे होईपर्यंत ती एकामागून एक नीट उभी राहतात. सातवे दाबले की सातही एकमेकांत मिसळून एकच चिन्ह होते, कोणीतरी टाक न उचलता सही केल्यासारखे.